भारमान सांभाळा, माणसं आपोआप कमी होतील

तर साहेब, खान्देशातल्या वाहतुकीचं नियोजन तुमच्या गळ्यात पडलंय म्हणे, अभिनंदन! पहिलं काम हे करा की एखादी आशाताई, अंगणवाडी सेविका नाहीतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एमए केल्यासारखं शिक्षण, झालेलं पोरगं ऑफिसात आलं तर चहा पाजायचा, सोबत फोटो काढायचा आणि वाटेला लावायचं. टेबलावर नकाशा उघडा असताना तर ही मंडळी आत येताच कामा नये. गाडीत कोण बसलं ते तुमचा कंडक्टर सांगतो, कोण बसूच शकलं नाही ते यांना माहीत असतं, आणि तुमच्या एक्सेलमध्ये त्याचा कॉलमच नाहीये.

सर्वे करायचाच असेल तर स्टँडवर करा, दुपारच्याला. जो स्टँडवर उभाय तो पोचलेलाच आहे ना भो, त्याला विचारलं की पोचायला काही अडचण आहे का, तर तो काय बोंब मारणार! आणि मोजणी शक्यतो दिवाळीनंतर ठेवा, तेव्हा नंदुरबारकडच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं ट्रकात बसून ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, म्हणजे मागणी नाही हे आकड्यानिशी सिद्ध.

भारमान, म्हणजे गाडीतल्या शंभरातल्या किती जागा भरल्या तो आकडा, हे तुमचं खरं हत्यार. शाळा पाचला सुटते ना, मग गाडी साडेतीनला सोडा. पोरी बसणार नाहीत, भारमान पडेल, मग 'प्रवाशांचा प्रतिसाद नाही' असा शेरा मारून फेरी बंद. त्यातली कोणी नववीत घरी बसली, तिचं लग्न उरकलं, तर तो महिला व बालविकासचा विषय, ती फाइल वेगळी, तो साहेब वेगळा, आपण त्यात कशाला पडा. कोणी फारच आवाज केला तर शाळकरी पोरींसाठी असलेल्या मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्यांकडे बोट दाखवा.

सवलतींचा बोर्ड मात्र मोठा लावा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, आणि योजना खरंच चांगल्यात, खोटं कशाला बोला. फक्त त्या गाडीला लागू आहेत, गाडी नसलेल्या गावाला नाही. तिथं काळी-पिवळी येते, तीही भरल्याशिवाय हलत नाही, आणि म्हातारीला आधार कार्ड दाखवूनही पूर्ण भाडंच पडतं. दिव्यांगांचं विचाराल तर २०१६ चा कायदा त्यांना प्रवासाची सोय देतो, पण गाडीच्या पहिल्या पायरीची उंची तो कायदा वाचत नाही.

सातपुड्याबद्दल बोलताना किलोमीटरातच बोला, तासांत चुकूनही नको. धडगाव, मोलगी नकाशात कशी जवळ दिसतात! पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की काय होतं, बाळंतीण बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत कशी आणतात, सरदार सरोवराच्या पाण्याकाठच्या गावांना बोटीशिवाय दवाखाना का दिसत नाही, हे सगळं ती आशाताई सांगेल. म्हणून तर म्हटलं, चहा पाजून वाटेला लावा.

कारण ती आशाताई आणि तुमचा वेळापत्रकवाला एका टेबलाला बसले तर फार वाईट होतं. ती म्हणणार, बुधवारी ओपीडी असते, गाडी दोन तास अलीकडे घ्या, आठवडी बाजाराच्या दिवशी पाड्यावरनं वळवा, मुक्कामी गाडी परत सुरू करा म्हणजे पहाटे पेशंट निघेल. तुमचा माणूस वेळापत्रक उघडून बघणार आणि त्याच्या लक्षात येणार की यातलं निम्मं तर नुसतं पेनानं होतंय. ना टेंडर, ना भूमिपूजन, ना फीत! असल्या कामात कोणाचं भलं झालंय?

तरी वरून आदेश आलाच की 'समन्वय बैठक घ्या', तर घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी, सकाळी दहाला, पत्र आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. डोंगरातली बाई दुपारी एकला पोचेल तेव्हा इतिवृत्त टाइप झालेलं असेल, तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहा आणि खाली एक ओळ टाका की सामाजिक क्षेत्राकडून अपेक्षित सहकार्य मिळाले नाही.