364 दिवसांची शिक्षा

ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राहुल गांधींच्या दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि आपल्याकडची चर्चा लगेच पक्षांच्या वळणाने गेली. आदेशातला कायद्याचा मुद्दा मात्र साधा होता. सुरतच्या न्यायालयाने कमाल, म्हणजे दोन वर्षांची शिक्षा का दिली याचं कारण नोंदवलं नव्हतं. आणि शिक्षा एका दिवसाने जरी कमी असती तरी खासदारकी गेली नसती.

अमेरिकेतल्या मराठी माणसाने हा एक दिवस नीट समजून घ्यावा. 1996 पासून इथल्या इमिग्रेशन कायद्यात चोरी किंवा हिंसेच्या गुन्ह्याला वर्षभराची कैद सुनावली की तो ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे गंभीर गुन्हा ठरतो, मग राज्याच्या लेखी तो किरकोळ मिसडिमीनर का असेना. ग्रीन कार्ड असलं तरी हद्दपारी रद्द करून घेण्याचा नेहमीचा अर्ज करता येत नाही. नागरिकत्वाचं दार कायमचं बंद. 364 दिवसांवर हा शिक्का बसत नाही, 365 वर बसतो.

फसगत होते ती स्थगित, म्हणजे सुनावलेल्या पण भोगायला न लावलेल्या शिक्षेत. आपल्याकडे 1958 च्या प्रोबेशन (तुरुंगाऐवजी अटींवर सुटका) कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, हे त्याच कायद्याचं कलम 12 सांगतं. त्या सवयीने इथे विचार केला की संपलंच. जॉर्जियात मिसडिमीनरची कमाल शिक्षा साधारणपणे 12 महिने. ‘12 महिने, प्रोबेशनवर भोगायचे’ असा निकाल लागला की माणूस दंड भरून घरी येतो आणि गावी कळवतो, सुटलो. पण स्थगित कैदही पूर्ण मोजली जाते, आणि अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयाने 2001 मध्ये जॉर्जियातली ही प्रोबेशनवरची कैदही त्यातच बसवली. कैद न सुनावता थेट प्रोबेशन दिलं असेल तर ते धरत नाहीत, असा याच न्यायालयाचा 2000 सालचा निकाल आहे. निकालपत्रातल्या एका ओळीच्या शब्दरचनेवर एवढं सगळं!

कधी वाचवतो तो कलमाचा ढिसाळपणा. व्हर्जिनियात एकाने भांडणानंतर प्रतिस्पर्ध्याच्या पूल खेळायच्या दोन काठ्या उचलल्या. 12 महिने कैद, स्थगित. पाठोपाठ हद्दपारीचा आदेश. चौथ्या सर्किटने 2014 मध्ये तो फिरवला. त्याने काय केलं याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नव्हतं. व्हर्जिनियाच्या चोरीच्या व्याख्येत फसवणुकीने घेतलेला मालही येतो, केंद्रीय कायद्यातली चोरी तेवढी रुंद नाही, म्हणून शिक्का पुसला गेला. ‘गुन्हेगार तांत्रिक कारणाने सुटला’ असा मथळा आपल्याकडे हमखास आला असता.

सुनावलेल्या शिक्षेइतकीच, होऊ शकली असती ती शिक्षाही काही कलमांत मोजतात. कॅलिफोर्नियाने मिसडिमीनरची कमाल मर्यादा 364 दिवसांवर आणली, पुढे ती जुन्या खटल्यांनाही लावली. नवव्या सर्किटने 2021 मध्ये सांगितलं: इमिग्रेशनसाठी दोषसिद्धीच्या दिवशी जी कमाल होती तीच धरायची.

म्हणून सगळं काम गुन्हा कबूल करण्याआधीचं. हद्दपारीचा धोका सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं, पण फौजदारी वकिलाला हा कायदा येतोच असं नाही. नेमकं कलम आणि प्रस्तावित दिवस इमिग्रेशन वकिलाकडून लेखी तपासून घ्या, वर्षाऐवजी 364 मागा. प्रोबेशनची अट मोडल्यावर वाढलेली कैदही हिशेबात येते. हद्दपारीविरुद्धचं अपील इमिग्रेशन अपील मंडळाने फेटाळल्यावर अपील न्यायालयात जायला 30 दिवस. आणि अर्ज जातो तो इमिग्रेशन न्यायाधीशाने काम जिथे संपवलं तिथल्या सर्किटकडे. न्यू जर्सीच्या माणसाला लुइझियानात डांबून तिथेच सुनावणी संपवली, तर पाचवं सर्किट.

मलिमथ समितीने 2003 मध्ये आपल्याकडे शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं सुचवली होती. ती आणायचीच तर एका दिवसावर सगळं ठरवणारी इथली अशी कडा उचलू नये. लोकप्रतिनिधींना अपात्र ठरवणाऱ्या दोन वर्षांच्या शिक्षेच्या रूपाने एक कडा आपल्याकडे आहेच. उचलण्यासारखं आहे ते वेगळं. अमेरिकेच्या केंद्रीय फौजदारी न्यायालयांत शिक्षा ठरवण्याचे तक्ते 2005 पासून फक्त सल्ल्यापुरते उरले, पण न्यायाधीशाला शिक्षेची कारणं भर न्यायालयात सांगावी लागतात, आणि ती अपुरी वाटली तर अपील न्यायालय प्रकरण परत पाठवू शकतं. सुरतला नेमकं हेच राहून गेलं होतं.