टेरिबल आणि आपला त्रास

गावोगावच्या वर्गांत इंग्रजी शब्द अजूनही घोकूनच घेतात. ‘टेरिबल म्हणजे भयंकर’, दहादा लिहा. पोरं लिहितात अन् विसरतात. वर आपणच म्हणतो, खेड्यातल्या पोराला इंग्रजीचं भेव लागते. लागणारच. माझं ठाम मत आहे की हा शब्द आपल्या पोरांना परका म्हणून शिकवूच नये.

टेरिबल इंग्रजीत आला फ्रेंचमार्गे, मूळ लॅटिन. तिथे ‘तेर्रेरे’ म्हणजे घाबरवणं. टेरर त्याच घरातला. या शब्दाचं आणि संस्कृत ‘त्रस्’ धातूचं मूळ एकच: थरथर कापणं. अन् त्या ‘त्रस्’चा झाला आपला त्रास! लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स या इंग्रज भाषाअभ्यासकानं कोलकात्यात १७८६ साली मांडलं होतं. एवढी जुनी गोष्ट आपल्या वर्गापर्यंत अजून पोचलेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संस्कृतात त्रास म्हणजे भीती. मराठीत तो बहुतेक उपद्रवापुरता उरला. आमच्या पांढरकवड्याकडच्या पोराला हा फरक सांगावाही लागत नाही. रोही तूर खातात, डुकरं पऱ्हाटी लोळवतात, तो मराठी त्रास. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूनं वाघ आल्याची खबर येते, बाप जागलीला गेलेला असतो आणि घरात कोणाचा डोळा लागत नाही, तो संस्कृत त्रास.

टेरिबलचीही धार अशीच गेली. आता बेचव चहाही टेरिबल असतो. टेरिफिक तर पार उलटला. सतराव्या शतकात भीतिदायक होता, आज झकास. (आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच.) पण रशियाचा चौथा इव्हान ‘टेरिबल’ म्हणवला जातो, तिथे जुना अर्थ हवा. मूळ रशियन ‘ग्रोझ्नी’ म्हणजे ज्याचा धाक वाटावा असा. घोकलेल्या अर्थावर पोरगं त्याला नुसता वाईट राजा समजेल.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. शिक्षकमित्रांनो, वरच्या वर्गांत आठवड्याला असा एक तरी शब्द घ्या. टेरिबल झाला की हॉरर घ्या. त्याचं आणि आपल्या हर्षाचं मूळही एकच, अंगावरचे केस उभे राहणं. भीतीनं राहतात तसे आनंदानंही राहतात, हे पोरांनाच विचारा. ते तुम्हाला दहा उदाहरणं देतील.