शिंगं रंगवणारे लई, खांदा बघणारा कोण?

लीडरशिपवरचं कुठलंही भाषण ऐका, पाच मिनिटांच्या आत सिंह येतो नाहीतर गरुड येतो. आता आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यात सिंहाकडून कोण काय शिकलंय मला माहीत नाही, सिंहानं आजवर कुणाच्या वावरात एक पाळी घातलेली ऐकिवात नाही. माणसं कशी सांभाळायची हे शिकायचं असंल तर आपल्याकडं पोळा आहे, आणि त्यातही पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. खांदेमळणी. पोळ्याचे फोटो सगळेच टाकतेत, खांदेमळणीचा फोटो कुणी टाकत नाही, कारण त्यात फोटोसारखं काही नसतंय.

पोळा श्रावण अमावस्येला. (कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी म्हणतील आमचा बेंदूर आषाढातच झाला, असू द्या.) आदल्या दिवशी बैलाला नदीवर नाहीतर बोअरवर नेऊन घासून धुतात आणि दिवस मावळताना गरम पाण्यानं खांदा शेकून तूप-हळद नाहीतर लोणी-हळद लावून चोळतात. पेरणी, कोळपणी, गाडी, सगळं वर्षभर त्या वीतभर जागेवर पेललेलं असतंय. तिथलं कातडं घट्टे पडून जाड झालेलं असतं, केस गेलेले असतात, कधी आत गाठ धरलेली असते आणि लांबून बघितलं तर बैल एकदम ठणठणीत दिसतो. हात फिरवला आणि बैलानं अंग चोरलं की मग कळतंय इथं दुखतंय. चोळून झालं की त्याला सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

आता क्रम बघा. आधी खांदा. शिंगांना हिंगूळ, बाशिंग, झूल, गोंडे, घुंगरमाळा, नवी वेसण, नवा कासरा हे सगळं दुसऱ्या दिवशी. आणि आपल्या कंपन्यात, संस्थांत, पक्षात काय चालतंय तर थेट झूल. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, स्टेजवर फोटो, व्हॉट्सअप ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी, आणि ज्याचा सत्कार झाला तो माणूस सहा महिने झाले दोघांचं काम एकटा ओढतोय हे स्टेजवरच्या एकालाबी माहीत नसतंय.

दुसरी गोष्ट पोळ्याची नाही, रोजच्या औताची आहे, पण सांगतोच. जोडीतला एक बैल जरा कमी असला, म्हातारा म्हणा किंवा आजारातून उठलेला म्हणा, तर जाणता माणूस जुवाला औत बांधायची गाठ मधोमध न ठेवता तगड्या बैलाकडं सरकवतो. कमजोराच्या बाजूची लांबी वाढली की त्याच्यावरचं वजन कमी होतंय. शाळेत तरफ शिकवतात तेच. तगडा बैल कुरकुरत नाही, कमजोराला लाज वाटत नाही आणि तास सरळ जातो. आमच्या मॅनेजर लोकांना समान टार्गेट म्हणजे न्याय वाटतो, त्यांनी एकदा असं औत बघावं.

आता मान. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतंय, मानाची जोडी पुढं, मागं सगळं गाव, तोरण तुटलं की पोळा फुटला. आणि हा पुढं जायचा मान म्हणजे गावोगावच्या भांडणाचं मूळ. काही गावात पोलीस बंदोबस्तात पोळा फुटतोय, दोन्हीकडची माणसं लाठ्या घेऊन उभी आणि बिचारी जनावरं हलग्यांच्या आवाजानं बिथरलेली. आमच्या गावात आता भावकीनं पाळी लावून घेतलीय, एक वर्ष याची जोडी एक वर्ष त्याची. कुणाची इज्जत कमी झाली नाही. खरं सांगू का, ज्यांचा मान मोठा त्यांच्यातल्या कितीतरी घरी आता बैलच नाहीत, ट्रॅक्टर आहे, मानापुरती जोडी मागून आणतेत. लाल कंधारी आणि देवणीची माती आपली, आणि पोळ्याला मातीचे बैल पुजायची वेळ आलीय. बैल गेला तरी मान सुटत नाही, हे राजकारणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणंल, एक दिवस पुरणपोळी आणि बाकी वर्ष पराणी, याला काय सण म्हणायचं? बरोबर आहे. थकलेला बैल बाजारात जातोच, त्यावर मी गोड बोलणार नाही. घरातल्या बायकांचंबी तसंच, सकाळपासून पुरण शिजवून, आधी बैलाला मग गड्याला मग घरच्यांना वाढून शेवटी जेवणारीचा खांदा कोण मळतंय? तरी मला वाटतं खांदेमळणीत एक पक्की अट आहे, हात मालकाचा लागतो. ज्यानं हे काम गड्यावर सोडून दिलं त्याला आपल्याच बैलाच्या खांद्याला गाठ आहे हे पेरणीत बैल बसल्यावर कळतंय.

बीडकडं बघा, दसरा-दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोडीची माणसं, निघतात साखर कारखान्याला. टोळी नेणारा मुकादम सगळ्यांकडंच असतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे सगळेच देतात. पण टोळी वर्षानुवर्षं कुणाकडं टिकती? फडात कुणी आजारी पडलं तर रात्री गाडी करून दवाखान्यात जातो त्याच्याकडं. जास्त उचल देणारा दुसरा असला तरी माणसं दहादा इचार करतेत. याला कुठला कोर्स नाही.

मी स्वतः एमआयडीसीत पंधरा-वीस पोरांची लाईन सांभाळतो. यंदा सत्कारबित्कार ठेवला नाही, नाईट शिफ्टला जाऊन एकेकाशी बसलो, नुसतं विचारलं, कुठं दुखायलंय? मला वाटलं पगार म्हणतील. निघालं काय, तर सकाळची बस शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी जाती आणि पोरं पाऊण तास गेटवर पुढच्या बसची वाट बघत बसतेत. कागदावर हे कुठंच नव्हतं, कुणी तक्रारबी केली नव्हती. बसची वेळ बदलून घेतली, चार दिवसांत काम झालं. कॅन्टीनच्या गार पोळ्यांचं मात्र अजून जमलं नाही, ठेकेदार ऐकत नाही, त्याच्या मागं लागलोय.

बाकी तुमच्या गावात मान कुणाचा आणि पाळी लावलीय का भांडणच चालू आहे, कमेंटमध्ये लिहा.