बीएस्सीवाल्यांना धंदा कशाला शिकवायचा?

विद्यापीठांनी विज्ञानाच्या पोरांना उद्योजकतेचे कोर्स शिकवणं म्हणजे पैशाचा चुराडा, असं सांगणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. कारणं चार दिली आहेत: धंदा रक्तात लागतो, विज्ञान बाजूला पडतं, हिशेबाला एमबीए ठेवता येतो आणि स्टार्टअप बहुतेक बुडतातच. मेसेज चटपटीत आहे, पण एकेक कारण तपासू.

धंदा रक्तात लागतो. दाखला सायरस पूनावालांचा: त्यांनी कुठला कोर्स केला होता? बरं, मग त्यांची गोष्ट पुरती सांगा की. ते पुण्याच्या बीएमसीसीचे कॉमर्स पदवीधर, घरी घोड्यांची पैदास. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे सीरमसाठी, म्हणजे त्यांच्या रक्तातल्या द्रवापासून औषध बनवण्यासाठी, जायचे. घोडे आपले तर सीरमही आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. विज्ञानाची बाजू सांभाळायला हाफकिनमधले जाणकार आले. म्हणजे कॉमर्सची आणि विज्ञानाची गाठ पडलीच, फक्त घोड्यांच्या निमित्ताने. ज्याच्या घरी स्टड फार्म नाही, त्याने काय करायचं? एमएस्सी आणि एमकॉमची मुलं एकाच आवारात दोन वर्षं काढतात आणि कँटीनच्या रांगेतसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत.

विज्ञान बाजूला पडतं, पेपर थांबतात. उलट पेटंटचं काहीच ठाऊक नसल्याने नुकसान होतं. विद्यार्थी परिषदेत पोस्टर लावतो, सगळी पद्धत उघड करतो आणि पेटंटच्या अर्जाचा विचार नंतर सुचतो. पेटंट नव्या शोधालाच मिळतं, आणि तोवर शोधाचं नावीन्यच धोक्यात येतं. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपल्या कायद्यात थोडी सवलत आहे, युरोपात ती जवळपास नाहीच. आधी प्रोव्हिजनल म्हणजे प्राथमिक पेटंट अर्ज, मग पोस्टर. संपूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. एवढं कळायला एक तास पुरतो.

एमबीए ठेवा. हा मुद्दा ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो आणि सगळ्यात कच्चा आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) रिअॅक्शन करतो, कॉलम म्हणजे गाळणीसारखी उभी नळी लावून पदार्थ शुद्ध करतो आणि उतारा, म्हणजे हाती आलेला माल, नव्वद टक्के आला म्हणून खूश होतो. कारखान्यात टनाच्या हिशेबाने कॉलम परवडत नाही, तिथे स्फटिकीकरण लागतं. सॉल्व्हंट परत मिळवायचा खर्च येतो, सांडपाण्याची प्रक्रिया गळ्यात पडते. शिवाय भांडं मोठं झालं की आकारमान वाढतं त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही, मग उष्णता काढायची कशी? मालाचा भाव प्रयोगशाळेच्या टेबलावरच ठरून गेलेला असतो. एमबीए येतो तेव्हा बेरीज तेवढी उरते.

स्टार्टअप बुडतातच. बुडतात, वाद नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सांची टिंगल व्हावी हेही मान्य: शनिवार-रविवारची आयडिया स्पर्धा, पीपीटी, ‘बाजारपेठ इतक्या कोटींची’ असा आकडा आणि प्रमाणपत्रासह फोटो. पण म्हणून कोर्सच नकोत, हे कुठून आलं? संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने २०११ मध्ये संशोधकांसाठी आय-कॉर्प्स हा उद्योजकतेचा कोर्स सुरू केला, स्टॅनफर्डमध्ये स्टीव्ह ब्लँक शिकवत होते त्या अभ्यासक्रमावरून. एक प्राध्यापक, एक तरुण संशोधक आणि उद्योगातला एक मार्गदर्शक अशी टीम. सात आठवडे. काम एकच: बाहेर पडून संभाव्य गिऱ्हाईक, पुरवठादार, वापरणारे अशा किमान १०० जणांशी बोलायचं. तिथे आपलं यंत्र किती भारी हे सांगत बसायचं नाही. त्यांचं काम आज कसं चालतं आणि कुठे अडतं ते विचारायचं. ‘हे विकलं जाणार नाही’ असा निष्कर्ष निघाला तरी तो तिथे ग्राह्य धरतात, आणि तो कळतो सातव्या आठवड्यात, बापाचं घर गहाण टाकण्याआधी.