परीक्षा ऐकणाऱ्याची घ्या

विज्ञान आणि आरोग्याची माहिती सामान्य लोकांपर्यंत कशी पोचवायची हे शिकवणाऱ्या एम.एस्सी.त लेखन आणि व्हिडिओ या कौशल्यांवर भर हवा, असं या अभ्यासक्रमावरच्या एका लेखात लेखिका म्हणतात. मला त्याहून मोठी उणीव दिसते ती मूल्यमापनात.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. विज्ञान सिद्ध झालं, पण ते घरोघरी पोचायचं बाकी होतं. बांगलादेशात १९८० पासून ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या बायका दारोदार गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. हे फक्त सांगायचं नाही, आईकडून तिच्याच भांड्यात करून घ्यायचं. नंतर दुसरं कुणीतरी जाऊन काही आयांना विचारी, आणि त्यांना किती आठवतंय त्यावर शिकवणारीचा पगार ठरे! एक कोटीहून जास्त घरांत असं शिकवून झालं.

आपल्याकडे या पाण्याला ‘जलसंजीवनी’ हा किती सुंदर शब्द आहे. या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा प्रबंध परीक्षकानं वाचावाच, पण निम्मे गुण अंगणवाडीत बसलेल्या आईला महिन्याभरानं काय आठवतं त्यावर द्यावेत. विद्यापीठांनी एका तुकडीपुरतं तरी हे करून पाहावं, अशी मनापासून विनंती.