भाव सांगण्यापुरते कपडे

हौस मोठी आणि खिसा लहान, अशी तुमची अवस्था असेल तर मुळीच खचू नका. मराठवाड्यात कमी पैशात झकास दिसणं अवघड नाही, फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. कपडा अंगावर घालण्यासाठी घ्यायचा नसतो. कुणीतरी चिमटीत पदर धरून "कितीला बसली गं माय?" असं विचारावं, यासाठी तो घ्यायचा असतो. ज्या साडीला हा प्रश्न कुणी विचारला नाही, ती फुकट मिळालेली असली तरी महागच पडली असं समजा.

म्हणून उत्तराची तयारी दुकानाची पायरी चढण्याआधी करा. स्वतःसाठी घेतलेली वस्तू कायम उतरत्या भावात सांगायची. आठशेची साडी साडेपाचशेला. ऐकताना जावेचा चेहरा उतरला, तर राहिलेले अडीचशे वसूल. दुसऱ्याला दिलेली वस्तू मात्र चढत्या भावात. साडेतीनशेची साडी आहेरात देताना डब्यावरचं १,९९९ चं स्टिकर चुकूनही खरवडायचं नाही. उलट चारचौघींत म्हणायचं, "अगं बाई, हे काढायचं राहिलंच की!" छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला कायद्यानं बंदी आहे, पण किंमत किती छापायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. आणि आपल्याकडे छापणाऱ्यांचं मन फार मोठं. नवऱ्याला सांगायचा भाव हा तिसराच असतो, त्याचं शास्त्र वेगळं आहे, त्यात इथं शिरत नाही.

यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. आपली परंपराच मुळी तशी आहे. सोन्या-चांदीच्या जरीचा किनखाब राजेरजवाड्यांसाठी विणला जायचा. तसाच डौल, तशीच वेलबुट्टी सुती आणि रेशमी धाग्यांत उतरवली की झाला हिमरू, छत्रपती संभाजीनगरची जुनी ओळख. तिथलाच मश्रू तर त्याहून हुशार. वरून बघणाऱ्याला रेशीम दिसणार, आतून अंगाला सूत लागणार. महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकरही सोबत आले, असं सांगतात. थोडक्यात, कमी खर्चात श्रीमंत दिसण्याचा कारखाना आपल्याकडे कित्येक शतकं चालू आहे. आता गंमत अशी झाली, की हातमागाचा हिमरूच महाग झाला आणि माग बोटांवर मोजण्याइतके उरले. म्हणून वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या पाहुण्याच्या हाती कधी कधी यंत्रमागाची शाल हिमरू म्हणून पडते. तुम्ही तीच घ्या. किनखाबाची नक्कल हिमरू, हिमरूची नक्कल ही शाल. एका शालीत एवढा वारसा दुसरीकडं कुठं मिळणार?

खरेदीसाठी गाव निवडताना रस्ते मोजा. लातूरची गंजगोलाई या बाबतीत सर्वोत्तम. सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात. एका दुकानातून रुसून उठलात तरी जायला पंधरा रस्ते मोकळे, आणि त्याच दुकानदाराला पुन्हा तोंड दाखवायची वेळ येत नाही. संभाजीनगरात गुलमंडी-पैठण गेटला ही सोय नाही. तिथं दिवाळीच्या गर्दीत रुसून बाहेर पडलेला माणूस चेंगरून त्याच दुकानात परत येतो.

घासाघिशीचे नियम सगळ्यांना पाठ आहेत, तरी उजळणी करतो. तुम्ही "कितीला द्यायलाव?" विचारायचं. तो बाराशे सांगणार, तुम्ही चारशे म्हणायचं. मग त्याचा चेहरा पडणार. "ताई, एवढ्याला तर मला सुरतेतबी पडंना." तुम्ही चारशे म्हणणार म्हणूनच त्यानं बाराशे सांगितलेले असतात आणि तो बाराशे सांगणार म्हणूनच तुम्ही चारशे म्हटलेलं असतं. हे दोघांनाही ठाऊक असतं. तरीही पाऊण तास द्या. सहाशेला सौदा ठरला की "भवानीचा टाइम हाय म्हणून द्यायलोय" हे वाक्य ऐकायला मिळेल. संध्याकाळचे सात वाजलेले असले तरी मिळेल. 'एकच भाव' अशी पाटी असेल तर त्या पाटीखालीच उभं राहून बोला, तिथं आवाज चांगला लागतो. संभाजीनगरातच शहागंजकडं गेलात तर घरात आयुष्यभर मराठी बोलणाऱ्या माणसानंही "क्या भाई, सही लगाव ना" सुरू करायचं. हिंदीत भाव जास्त उतरतो, अशी इथं पक्की समजूत आहे.

तालुक्याला मनासारखं मिळत नसेल तर लांब जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे लांब जाणं हाच बचतीचा मार्ग. नवऱ्याला पूर्ण तिकीट पडतं म्हणून त्याला घरी ठेवा. पिशव्या उचलायला कुणीतरी लागतंच, म्हणून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना न्या, त्यांना तिकीटच नाही. नांदेडकरांनी हैदराबादला जावं. चारमिनारच्या बांगड्या आणल्या की साडीचा प्रश्न आपोआप मागं पडतो. प्रवास, जेवण, उसाचा रस आणि नातवाला घेतलेली शिट्टी हे खर्च कपड्याच्या हिशेबात धरू नका. धरले की वाचलेले पैसे दिसेनासे होतात.

दोनेक ओळी कराबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आणि त्यापुढच्याला १८ टक्के. म्हणजे २,४९९ चा ड्रेस घेणारा माणूस सरकारला फसवून आल्याच्या ऐटीत चालतो. त्याला सोळाशेचा ड्रेस घ्यायचा होता, ही आठवण कुणी करून देऊ नये.

पैठणीचं प्रकरण जरा नाजूक आहे. खरी पैठणी हातमागावर विणतात. पदरावरचा मोर, मुनिया, आसावली एकेक धागा हातानं अडकवून काढतात, म्हणून सुलटी-उलटी बाजू जवळपास सारखीच दिसते. या वस्त्राला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. एक साडी मागावरून उतरायला महिने लागतात आणि तिची किंमत ऐकून उतरायला आपल्याला तेवढाच वेळ लागतो. तुमच्यासाठी आहे सेमी पैठणी. मोर तोच, काठ तोच, फक्त मागच्या बाजूला धाग्यांचं जंगल. यावर उपाय म्हणून पदराला पिन लावा. एक नव्हे, चार. प्रत्येक लग्नात पदर उलटून बघणारी एक बाई असतेच, बहुतेक वेळा ती नवऱ्या मुलाची आत्या असते. ती जवळ येताना दिसली की जेवायच्या पंगतीत बसून घ्या. हात खरकटा असला की कुणी पदराला हात लावत नाही.

पुरुषांचं काम सोपं आहे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, काळा गॉगल. हा पोशाख घातला की माणूस निम्मा पुढारी होतो, उरलेला निम्मा फ्लेक्सवाला करतो. फ्लेक्सवर फोटो कंबरेपर्यंतच येतो, तेव्हा सगळा पैसा शर्टात घाला आणि पँट जुनीच चालवा. वाढदिवस जवळ आला की नवा शर्ट घ्यायचीही गरज नाही. गावातल्या एकाच शर्टात सहा भावी सरपंच चौकात झळकल्याची उदाहरणं आहेत. कॉलर कुणाच्या गळ्याला घट्ट आणि कुणाच्या सैल, एवढाच काय तो मतभेद.

मोबाइलवरून मागवत असाल तर एवढंच पाहा: फोटोतल्या बाईकडं बघू नका, कापडाकडं बघा. ती बाई पार्सलमध्ये येत नाही.

आता कापसाबद्दल. हा भाग शहरी वाचकांनी गाळला तरी चालेल. परभणी, जालना, बीड, नांदेडकडं दिवाळीच्या पुढंमागं घरातली एक खोली कापसानं भरलेली असते. पोरं त्यावर उड्या मारतात, मग अंगाला खाज सुटते आणि आई ओरडते. नांदेडच्या संशोधन केंद्रानं काढलेला 'नांदेड ४४' हा वाण एके काळी शिवारभर होता. अशा मुलखातला माणूस दुकानात जाऊन पॉलिस्टर घेतो, आणि त्यात चूक काहीच नाही, हिशेबच तसा आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१. क्विंटलभर कापसातून सरकी काढली की साधारण ३४ किलो रुई उरते. एका शर्टाला पाव किलो रुई धरा, म्हणजे पाऊण किलोच्या आतबाहेर कापूस. झाले साठ रुपये. त्या साठांत पेरणी आली, खुरपणी आली, फवारणी आली, वेचणीची मजुरी आली, बोंडअळीचा वाटा आला आणि तो कापूस खरंच हमीभावानं गेला असं आपण समजून चाललो. तोच कापूस सूत होऊन, कापड होऊन, काचेआडच्या पुतळ्याच्या अंगावर जाऊन बसला की दीड हजारांचा होतो. पाटी असते 'प्युअर कॉटन'. ती वाचून कापूसवाला पुढच्या दुकानात पॉलिस्टर घ्यायला जातो.

इथं घासाघिशीबद्दलचा माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला ऐका. कापूस विकताना घासाघीस करू नका. व्यापारी मूठभर कापूस दाबून "ओला हाय" म्हणाला की मान डोलवा. हमीभावाच्या सरकारी खरेदी केंद्रावर गेलात तर आठ टक्क्यांपुढच्या ओलाव्याला भाव कापतात आणि बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. साडीच्या दुकानातून रुसून उठता येतं, मागून "ओ ताई, या या" अशी हाक येते. भरलेली गाडी घेऊन रुसलात तर मागून हाक मारतो तो फक्त भाड्याचा टेंपोवाला, आणि तोही थांबण्याचे जास्तीचे पैसे मागायला. म्हणून तुमची सगळी जिद्द, सगळं बोलणं, तो पाऊण तास गुलमंडीसाठी राखून ठेवा. तिथं सहाशे वाचवून आलेल्या माणसाला गावात मान आहे. कापसाला क्विंटलमागं सहाशे कमी आले, हे पारावर कुणी विचारतसुद्धा नाही.

कापड सुती आहे का, हे तपासायचंच असेल तर एक धागा जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा बिल फाडून टाकल्यावर घ्या, म्हणजे मनाला रुखरुख लागत नाही. मे महिन्यात पारा ४३ वर असताना वेलवेटची शेरवानी घालून घोड्यावर बसणार असाल तर परीक्षेची गरजच नाही, निकाल वरातीतच लागतो.

आणि आता बस्ता. ज्यानं लग्नाचा बस्ता बांधला नाही त्यानं बचतीवर बोलू नये. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं एका दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसतात, चहाच्या तीन फेऱ्या होतात, आणि दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो: "नेसायची दाखवू का द्यायची?" या एका प्रश्नावर मराठवाड्याचं निम्मं कापड-अर्थशास्त्र उभं आहे. नेसायच्या साड्या वरच्या फळीवर, त्यांना तास लागतो. द्यायच्या साड्यांचा गठ्ठा पोतं ओततात तसा ओततात, त्यांना दहा मिनिटं. मामीला तीनशेची, आत्याला साडेतीनशेची. चुलत आत्याला किती, यावर मात्र थोडा वेळ शांतता पसरते. या गठ्ठ्यातली साडी निवडताना रंग बघू नका, पोत बघू नका. घडी कडक आहे का तेवढं बघा. ही साडी कधीच उलगडली जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. घडी मोडली की साडी बाद. घडी शाबूत असेल तर ती या लग्नातून त्या बारशात, तिथून वास्तुशांतीला, तिथून कुणाच्या डोहाळजेवणाला अशी सुखानं हिंडते. तिच्यासाठी आहेराच्या वहीत एक रकाना वाढवा: कुणाकडून आली. बाकी साडी जाईल तिकडं जाऊ द्या. तिला फॉल-पिको करायच्या फंदात पडू नका, तो साडीपेक्षा जास्त दिवस टिकतो आणि मग उगाच हळहळ वाटते.

पुरुषांच्या आहेराला टॉवेल-टोपी असतेच, वर मान मोठा असेल तर शर्टपीस. शर्टपीस आला तर तो शिवायला टाकायचा धीर करू नका. शिलाई कापडाच्या दुप्पट-तिप्पट पडते आणि गावातल्या टेलरला लग्नसराईत वेळ नसतो. तरी गेलात, तर तो चष्मा कपाळावर सरकवून कापड अंगठ्यानं चोळून बघेल आणि सांगेल, "दादा, याचा शर्ट करू नका, पिशव्या शिवून देतो." मोठ्या दोन होतात, लहान केल्या तर तीन, आणि बंदाला कापड उरतं.