‘ग्रब रेस्क्यू आलं की फॉरमॅट मारा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती जुन्या मशीनमध्ये बहुतेक नसतेच. मग नाशकात बऱ्याच जणांनी लिनक्स, म्हणजे उबुंटू, मिंट, डेबियन यांपैकी एखादं, टाकून घेतलं: कॉलेज रोडचे क्लासवाले, सातपूर-अंबडची छोटी वर्कशॉप, मुक्त विद्यापीठाचा अभ्यास घरून करणारी पोरं. त्यांच्या मागोमाग एक लांबलचक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरायला लागला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. विंडोजशेजारी लिनक्स टाकलं की अपडेटला ग्रब (मशीन चालू होताना मेनू दाखवून लिनक्स किंवा विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) उडतो आणि डेटाही जातो. काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ किंवा ‘इनिट्रॅमएफएस’ दिसलं की फॉरमॅटशिवाय इलाज नाही. आधीच खबरदारी म्हणून सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच बूटलोडर चालू देणारं मदरबोर्डचं सेटिंग) बंद करून लिगसी मोड, म्हणजे मशीन सुरू करायची जुनी पद्धत, लावून टाका. वायफाय दिसत नसेल तर कार्ड लिनक्सला चालत नाही, नवं घ्या. नेट अडखळत असेल तर ‘रिझॉल्व्ह-कॉन्फ’ फाइलमध्ये (साइटच्या नावाचा पत्ता कोणाला विचारायचा ते तिथे असतं) गूगलचा ८.८.८.८ लिहून तिला कुलूप घाला, आणि तरी नाही जमलं तर नेट जोडून देणारा प्रोग्राम, नेटवर्कमॅनेजर, तोच काढून टाका.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करून टाकू. बाकी सगळ्यांत खोट एकच: मशीन नेमकं कुठल्या पायरीवर अडलंय हे न बघता थेट इलाज सांगितलाय. बूट (मशीन चालू होणं) काय आणि नेटवर्क काय, दोन्हीकडे कामं एकामागून एक होतात, आणि अडलेली पायरी बहुतेक वेळा स्क्रीनवर स्वतःचं नाव सांगत असते. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि जागा-तिरक्या रेघा जशाच्या तशा.)

‘अपडेटला ग्रब उडतो, डेटा जातो.’ आधी डेटाचं. बूटलोडर (ग्रबसारखा, सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि तुमच्या फाइली डिस्कवर वेगवेगळ्या जागी असतात. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारी मदरबोर्डवरची जुनी व्यवस्था, असलेल्या मशीनवर डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ पार्टिशन टेबलासाठी (डिस्कचे कप्पे, म्हणजे पार्टिशन, कुठे आहेत त्याची यादी), उरलेले दोन सहीचे. विंडोज नव्याने टाकलं तर ते या ४४६ बाइटवर आपला कोड लिहितं, म्हणून ग्रबचा मेनू दिसेनासा होतो. लिनक्सचं पार्टिशन जिथल्या तिथे असतं. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या मशीनवर तर एवढंही होत नाही. तिथे एक छोटं फॅट पार्टिशन असतं, त्यात मायक्रोसॉफ्टचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं, दोन्ही सुखाने शेजारी नांदतात. मोठ्या अपडेटनंतर बदलतो तो बहुतेक वेळा मदरबोर्डने लक्षात ठेवलेला क्रम: आधी कोणाला हाक मारायची तो. सुरू होताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून यादीतून उबुंटू निवडा. आत गेल्यावर ‘ईएफआयबूटएमजीआर’ चालवा, क्रम दिसेल, त्याच आज्ञेला ‘-ओ’ जोडून तो बदलताही येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तो अर्धा खरा मुद्दा. ऑगस्ट २०२४च्या विंडोज सुरक्षा अपडेटने खरोखरच अनेकांची लिनक्स मशीनं अडवली होती. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ असा संदेश यायचा आणि मशीन बंद व्हायचं. जुने, असुरक्षित बूटलोडर बाद करणारी यादी अपडेटने मदरबोर्डच्या मेमरीत टाकली होती. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना ती लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण लागली. तेव्हाही डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागला नव्हता. उपाय असा होता: सिक्युअर बूट तात्पुरता बंद, लिनक्स चालू करून ‘मॉकयूटिल’ या आज्ञेने ती यादी काढायची, शिम (ग्रबच्या आधी चालणारा, सही असलेला छोटा प्रोग्राम) अपडेट करायचं, सिक्युअर बूट परत चालू. त्या आठवड्यात घाबरून ज्यांनी डिस्क पुसून घेतली, त्यांचा डेटा त्या पुसण्याने गेला, अपडेटने नाही.

उलट तक्रारही येते: लिनक्स टाकलं आणि मेनूतून विंडोज गायब. २०२१मध्ये आलेल्या ग्रब २.०६पासून शेजारच्या सिस्टिम शोधण्याचं काम मुळातच बंद ठेवलेलं असतं. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा. विंडोज कुठेही गेलेलं नसतं.

‘ग्रब रेस्क्यू म्हणजे फॉरमॅट.’ या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. अंबडच्या एका वर्कशॉपमधलं मशीन घ्या. बायोसचं जुनं डेस्कटॉप, एकाच डिस्कवर विंडोज आणि मिंट. मालकांच्या पुतण्याने विंडोजमध्ये जाऊन रिकामा ‘डी’ ड्राइव्ह डिलीट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर तीन ओळी: ‘एरर: नो सच पार्टिशन’, ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’, आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’चा कर्सर. दुकानदाराने फोनवरच फॉरमॅटचा भाव सांगितला. मालकांचा मला फोन, “भाऊ, सहा वर्षांची बिलं आहेत त्यात, मारू देऊ का फॉरमॅट?”

झालं होतं एवढंच: जुन्या पद्धतीच्या टेबलात लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या कप्प्याच्या आत पाडलेल्या, पार्टिशनना ५पासून ओळीने नंबर मिळतात. पाच नंबरचा ‘डी’ गेला, म्हणून सहा नंबरचं मिंट पाचवर सरकलं. ग्रबच्या पोटात मात्र आपल्या फाइली सहा नंबरात आहेत अशी नोंद. तो सहावर गेला, तिथे काही नाही, म्हणून रेस्क्यूत थांबून राहिला.

रेस्क्यूत फार थोड्या आज्ञा चालतात, पण पुरतात. ‘एलएस’ टाइप केलं की डिस्क आणि पार्टिशन दिसतात: (एचडी०), (एचडी०,एमएसडॉस५), (एचडी०,एमएसडॉस१). डिस्क शून्यापासून मोजायच्या आणि पार्टिशन एकापासून. मग एकेकाला ‘एलएस’ लावून, शेवटी तिरकी रेघ देऊन आत डोकवायचं. विंडोजच्या पार्टिशनवर ‘अननोन फाइलसिस्टिम’ असं उत्तर येतं, आणि नेमकं इथेच लोक हाय खातात. त्याचा अर्थ डिस्क खराब झाली असा नाही. या टप्प्यावर ग्रबकडे एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) वाचायचं मॉड्यूल नसतं, त्याला फक्त स्वतःच्या घराची भाषा येते. पाच नंबरावर ‘बूट’, ‘ईटीसी’, ‘होम’ अशी फोल्डरं दिसली, म्हणजे मिंट तिथे आहे. मग चार ओळी:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

शेवटच्या ओळीवर एंटर मारला की नेहमीचा मेनू समोर. मिंट सुरू झालं, कारण ते आपलं पार्टिशन नंबराने नव्हे, यूयूआयडीने (पार्टिशनवर लिहिलेल्या त्याच्या कायमच्या ओळखीने) शोधतं, आणि यूयूआयडी बदललेला नव्हता. आत गेल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ पूर्ण डिस्कच्या नावाने, म्हणजे ‘एसडीए’ला, ‘एसडीए५’ला नाही. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’. यातलं ‘ग्रब-इन्स्टॉल’ विसरलात तर पुढच्या बूटला पुन्हा रेस्क्यू. बिलं जागच्या जागी होती, फॉरमॅटचे पैसेही वाचले.

समजा या चार ओळींनी जमलं नाही, तर लाइव्ह यूएसबी, म्हणजे काही न टाकता थेट लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह. त्यातून बूट करा, लिनक्सचं पार्टिशन ‘एमएनटी’ फोल्डरवर माउंट करा (जोडा), यूईएफआय असेल तर ईएफआयचं पार्टिशन त्याच्या आत ‘बूट/ईएफआय’वर, मग चालू सिस्टिमची ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ ही फोल्डरं आत बाइंड करून (तिथेही दिसतील अशी जोडून) ‘सीएचरूट’. आता तुम्ही डिस्कवरच्याच लिनक्समध्ये आहात, इथून ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा. आणि काहीही दुरुस्त करायच्या आधी, याच लाइव्ह यूएसबीतून महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. मेसेजमध्ये फॉरमॅटच्या आधी कॉपी करा एवढंही लिहिलेलं नाही, याचा राग येतो.

‘इनिट्रॅमएफएस’चा कर्सर हे वेगळं दुखणं आहे. ग्रबने त्याचं काम केलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) आला, पण मुख्य पार्टिशन सापडलं नाही किंवा माउंट झालं नाही. पावसाळ्यात लाईट गेली आणि यूपीएस नसेल तर हे हमखास दिसतं: फाइलसिस्टिम अर्धवट लिहिली गेलेली असते. स्क्रीनवरच सांगितलेलं असतं की या पार्टिशनवर हाताने ‘एफएससीके’ (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. चालवा, आणि ‘एक्झिट’ करा. मात्र तपासताना ‘आय/ओ एरर’च्या ओळी धडाधड यायला लागल्या तर हात आवरा. डिस्क खरंच मरतेय, आधी ‘डीडीरेस्क्यू’ने तिची प्रत काढा. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं आणि तिला फॉरमॅट मारणं, दोन्ही सारखंच वाईट.

‘सिक्युअर बूट बंद, लिगसी चालू.’ हा सल्ला मशीन बिघडवतो. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेलं असेल तर लिगसी लावल्यावर ते सुरूच होणार नाही, आणि लोक म्हणणार लिनक्सने विंडोज खाल्लं. लाइव्ह यूएसबी लिगसीत सुरू करून ग्रब टाकलात तर तोही चुकीच्या जातीचा बसतो. खात्री करायची असेल तर ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का बघा. असेल तर यूईएफआय. त्याहून मोठा धोका बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप घालणाऱ्या सोयीचा. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती कुठे आहे हे माहीत नसेल तर ते सेटिंग उघडूसुद्धा नका. उबुंटू, डेबियन, फेडोरा हे सिक्युअर बूट चालू ठेवूनच बसतात.

‘वायफाय दिसत नाही, कार्ड बदला.’ बदला, पण शेवटी. आधी ‘आरएफकिल लिस्ट’, म्हणजे वायफायचा रेडिओ बंद आहे का ते दाखवणारी आज्ञा: लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन की दाबली जाऊन रेडिओ बंद असणं हे लाजिरवाणं वाटावं इतकं सर्रास घडतं. मग ‘एलएसपीसीआय’ला ‘-एनएनके’ जोडा. कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर बसलाय. तरी वायफाय नाही, तर ‘डीएमईएसजी’ने कर्नलच्या नोंदी उघडून त्यात फर्मवेअर (कार्डाला लागणारा छोटा प्रोग्राम) न सापडल्याची तक्रार शोधा. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशी फर्मवेअर पूर्वी नसायची; जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून ती सोबत येते. म्हणजे जुन्या पेनड्राइव्हवरचं डेबियन ११ टाकून कार्डाला शिव्या देण्यात अर्थ नाही. काही ब्रॉडकॉम कार्डांना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, हे खरं. पण त्यासाठी लागणारं नेट आणायचं कुठून? खिशातून. मोबाइल यूएसबीने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते साधं केबलचं नेट वाटतं.

केबलचं नेट अचानक गेलं असेल तर लिनक्सने नेटवर्क कार्डाला दिलेलं नाव तपासा. नवं कार्ड बसवलं किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलं की पीसीआयचे नंबर सरकतात आणि कालचं ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ होतं. उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, म्हणजे नेटप्लॅनच्या, फाइलीत मात्र जुनंच नाव. ‘आयपी लिंक’ने नवं नाव बघा, फाइलीत घाला, टॅब न वापरता स्पेसने समास सोडा, आणि ‘नेटप्लॅन ट्राय’ चालवा; १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते जुन्या सेटिंगवर परत जातं. याच चुकीच्या नावामुळे बूटही रखडल्यासारखं वाटतं. ‘वेट फॉर नेटवर्क टू बी कन्फिगर्ड’ अशी ओळ, पुढे सेकंद मोजणारं घड्याळ, दोन मिनिटं तसंच. मशीन लटकलं समजून लोक मधेच पॉवर काढतात आणि वर सांगितलेल्या ‘एफएससीके’च्या वाटेला लागतात. दोन मिनिटं चहा प्या, लॉगिन येईल, मग नाव दुरुस्त करा.

‘८.८.८.८ लिहा आणि कुलूप घाला.’ आधी साइटच्या नावाचाच प्रश्न आहे का ते बघा. ‘पिंग ८.८.८.८’ चालतंय आणि साइटच्या नावाला उत्तर नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. पिंगच जात नसेल तर डीएनएस बदलून काडीचा फरक पडणार नाही. ‘आयपी रूट’मध्ये ‘डिफॉल्ट’ची ओळ आहे का ते पाहा, नसेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. उबुंटूत ‘रिझॉल्व्ह-कॉन्फ’ ही खरी फाइल नसते, ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड’ या मशीनमधल्याच डीएनएस सेवेकडे नेणारा दुवा असतो, म्हणून आत १२७.०.०.५३ दिसतं. ते बघून घाबरायचं कारण नाही. मेसेजवाला तो दुवा पुसून तिथे साधी फाइल करतो आणि ‘चॅटर’ने (सीएचएटीटीआर) तिला गोठवतो. घरी काही दिवस चालतं. मग तोच लॅपटॉप कारखान्यात नेला की आतल्या सर्व्हरची नावं सापडत नाहीत, व्हीपीएन जोडून उपयोग होत नाही, हॉटेलच्या वायफायचं लॉगिनचं पान उघडत नाही. डीएनएस बदलायचंच असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या त्या कनेक्शनपुरतं बदला. आधीच कुलूप घातलं असेल तर ‘चॅटर -आय’ने काढा आणि दुवा परत ‘/रन/सिस्टिमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ’कडे जोडा.

राहता राहिला नेटवर्कमॅनेजर काढायचा सल्ला. वायफायचा पासवर्ड विचारणारं, मोबाइलचं टेदरिंग ओळखणारं तेच आहे. ते गेलं की परत टाकायला नेट लागतं, आणि नेट आणणारंच काढून टाकलेलं असतं. ज्यांनी हे करून ठेवलंय त्यांनी लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, तिथे वायफाय जोडा, वर सांगितलं तसं ‘सीएचरूट’ करा, ‘रन’ बाइंड करायला विसरू नका म्हणजे आत साइटची नावंही सापडतील, आणि ‘एपीटी’ने (प्रोग्राम टाकणारी आज्ञा) ‘नेटवर्क-मॅनेजर’ पुन्हा टाकून घ्या.